पाच मिनिटांचं काम: नवशिक्या पंचासाठी मार्गदर्शिका

गांजाचा कायदा शिकायचे तीन मार्ग आहेत. वकिलीची सनद घ्यावी, हा पहिला. गांजासकट सापडावं, हा दुसरा. तिसरा सगळ्यांत स्वस्त आणि सभ्य माणसाच्या वाट्याला कधी ना कधी येणारा: तिरोड्याच्या बसस्टँडवर आलुबोंडा-तर्री खात उभं राहावं आणि मागून "भाऊ, पाच मिनिटं या ना, एक सही पाहिजे" असा आवाज आला की वळून पाहावं. वळलात की तुम्ही पंच झालात.

मी पंचायत समितीतून निवृत्त झालेला कारकून. नोकरीत चार वेळा पंच झालो, त्यातली एक वेळ गांजाची. बदलीच्या गावची गोष्ट आहे. ठाणं कुठलं ते विचारू नका. पाच मिनिटांचं ते काम मला सात तास आणि पुढे सहा वर्षं पुरलं. बाजारात 'मधमाशीपालन कसे करावे' इथपासून 'तीस दिवसांत इंग्रजी' इथपर्यंत पुस्तिका मिळतात, पण पंच होऊ घातलेल्या भोळ्या माणसासाठी काही नाही. म्हणून हा खटाटोप.

साहित्य

वाचायचा चष्मा. स्वतःचं पेन. पाण्याची बाटली. आधार कार्डाची झेरॉक्स. घरी एक फोन, आणि त्यात "पाच मिनिटांत येतो" हे वाक्य चुकूनही नको.

कायद्याला दोन किंवा अधिक 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' स्थानिक रहिवासी लागतात. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण झडतीला दोन मुखं पुरतात. प्रतिष्ठित म्हणजे कोण, हे कुठे लिहिलेलं नाही. अनुभव असा की जो पळाला नाही तो प्रतिष्ठित. बोलावणं लेखी मागा. लेखी आलं आणि सबळ कारणाशिवाय नाही म्हणालात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२२ खाली तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो, म्हणजे पंचाचा आरोपी व्हायला फार लांब जावं लागत नाही.

आता कायद्याचं नाव पाठ करा: गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. एका दमात म्हणता आलं तर तुम्ही नशेत नाही एवढं सिद्ध होतं. एरवी सगळे 'एनडीपीएस' म्हणतात आणि तो 'लागला' असं म्हणतात, भूत लागावं तसं. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे ऐन बालदिनी, तो अमलात आला.

माल ओळखणे

हिरवं, वाळलेलं आणि उग्र वासाचं दिसलं की 'गांजा' म्हणून मोकळं व्हायचं नाही. कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया यांना या कायद्याने गांजा म्हटलेलं नाही. पानाची भांग त्यामुळे एनडीपीएसच्या फटीतून निसटते आणि महाराष्ट्रात थेट दारूबंदी कायद्याच्या अंगणात जाऊन पडते. तिथे परवान्याशिवाय तिलाही मोकळीक नाही. एकाच झाडाचा शेंडा एका कायद्यात, पान दुसऱ्यात आणि बी कशातच नाही. भावांनी वाटणी करून घेतलेल्या वावरासारखं.

त्यामुळे शेतातली कारवाई असेल तर नीट बघा. तुरीच्या नाहीतर मक्याच्या आडोशाला लावलेली झाडं मुळासकट उपटतात आणि माती, खोड, पानं यांच्यासह काट्यावर टाकतात. पुढे आरोपीचा वकील विचारतो, यात शेंडे किती? उच्च न्यायालयांनी या एका प्रश्नावर जामीन दिलेले आहेत.

आमच्या भागात या वनस्पतीची ओळख पोलिसांच्या आधीपासूनची आहे. तिरोडा ही भंडारा जिल्ह्यातली जुनी तहसील होती आणि मध्य प्रांतात गांजा सरकारी परवान्याने उघड विकला जाई. खांडव्याच्या बाजूला त्याची रीतसर लागवड होती, त्यावर कर होता. १८९३-९४ मध्ये इंग्रजांनी भांग-गांजावर एक मोठा आयोग बसवला. शेकडो साक्षी घेऊन तो या निष्कर्षाला आला की बेताने घेणाऱ्याला यापासून फारसा अपाय होत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही. इंग्रजांना आपल्या प्रकृतीची काळजी किती आणि कराची किती, हा वेगळा विषय. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मात्र वारं फिरलं, आणि ज्या मालावर आजोबा सरकारला पैसे भरत होते त्याच मालासाठी नातवाला सरकार आत टाकू लागलं. महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीला महादेवाच्या यात्रेला निघालेल्या एखाद्या बाबाला हे समजावून बघा. तो चिलीम पुढे करून म्हणेल, "प्रसाद आहे गा." कायद्यात प्रसादाला सूट नाही.

उलटही होतं, तेही सांगून ठेवतो. दुबईतल्या लेकासाठी डब्यात अनारसे बांधताना वरची खसखस विसरू नका. म्हणजे घालायला नव्हे, काढायला. आपल्याकडे अफूच्या बोंडातली बी कायद्याबाहेर आहे, किराण्याच्या पुडीत मिळते. अमिरातीत आणि सिंगापुरात तीच बी बंदी घातलेली वस्तू आहे. दिवाळीचा फराळ म्हणजे तिथे मुद्देमाल.

वजन

पुस्तिकेतलं हे मुख्य प्रकरण आहे. बाकीचं चाळलं तरी चालेल.

तिरोड्याच्या माणसाला खरं तर वजन शिकवायला नको. धान घेऊन आधारभूत खरेदी केंद्रावर तीन-तीन दिवस ट्रॉलीखाली झोपलेली आम्ही माणसं. ओलावा सतरा टक्क्यांवर गेला की धान परत, हे आम्हाला पोरांच्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक. काट्यावर कट्टा चढला की मापाडी तोंडाने आकडा बोलतो आणि हाताने बारदाना वजा करतो. रिकाम्या पोत्याचे पैसे सरकार देत नाही. शेतकरीही रिकाम्या पोत्याच्या नावाने दाणा सोडत नाही. दोन्हीकडून डोळे काट्यावर.

एनडीपीएस हा असाच काट्याचा कायदा आहे. चोरीत, मारामारीत, फसवणुकीत कोर्ट माणूस बघतं, प्रसंग बघतं. इथे आधी आकडा. प्रत्येक पदार्थाला दोन रेषा आखून दिल्या आहेत, खालची 'अल्प' आणि वरची 'व्यावसायिक'. गांजाला एक किलो आणि वीस किलो. चरसला शंभर ग्रॅम आणि एक किलो. हेरॉइनला पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. ज्याला पोरं 'एमडी' म्हणतात त्या मेफेड्रोनला दोन ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढी वरची रेषा. गांजा एक किलोच्या आत असेल तर वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या पट्ट्यात दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर गेला की दहा वर्षांपासून सुरुवात, वीसपर्यंत मजल, आणि दंड किमान एक लाख.

आता व्याख्येतली मेख बघा. अल्प म्हणजे रेषेपेक्षा 'कमी' आणि व्यावसायिक म्हणजे रेषेपेक्षा 'जास्त'. बरोबर वीस किलो गांजा अजून व्यावसायिक नाही. त्यावर चिमूटभर पडली की झाला. त्या चिमटीने शिक्षेची कमाल मर्यादा किमान होते आणि जामिनाचं दार जवळजवळ बंद होतं. कलम ३७ प्रमाणे मग न्यायाधीशांना अगोदरच असं वाटावं लागतं की हा माणूस दोषी नसण्याला वाजवी कारणं आहेत आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही. खटला व्हायच्या आधी निकालाचा अंदाज! आमच्याकडे पेरणीच्या आधी खळ्याचा हिशोब कोणी मागत नाही.

भेसळीचाही एक पाठ आहे. हेरॉइन कधी शुद्ध मिळत नाही. मग वजन शुद्ध मालाचं धरायचं की मिसळलेल्या पुडीचं? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शुद्धाचं. सरकारने पुढच्याच वर्षी अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रण मोजायला सांगितलं, आणि २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना निकाल बाजूला ठेवून तेच मान्य केलं. पाण्यासकट दूध. लबाड गवळ्याला दुप्पट पाण्याबद्दल दुप्पट शिक्षा, असं समजा. नशेच्या धंद्यात भेसळ करणाऱ्याची कीव करावी का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या प्रकरणात माल होता एका नायलॉनच्या कट्ट्यात. आत खाकी चिकटपट्टीने गच्च गुंडाळलेले दहा गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्यावर आधी प्लास्टिकचे तीन-चार थर, वास दाबायला. वजनासाठी साहेबांनी गावातल्या धान केंद्रावरच्या मापाड्याला काट्यासकट उचलून आणलं होतं. त्याने कट्टा जसाच्या तसा काट्यावर ठेवला. लाल आकडे थरथरले आणि थांबले: २०.७४०.

मापाड्याचा हात सवयीने वर गेला. "बारदाना वजा करू का, साहेब?"

साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच 'लिहा, लिहा' अशी खूण केली. पंचनाम्यात लिहिलं गेलं: अंदाजे २० किलो ७४० ग्रॅम. त्या 'अंदाजे'खाली मी सही केली. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का होता की नव्हता हे मी पाहिलं नाही. तुम्ही पाहा.

ताबा कोणाचा

कलकत्ता-मुंबई लोहमार्ग तिरोड्यावरून जातो. ओडिशा-आंध्रच्या डोंगरातून निघालेला माल याच रुळांवरून आणि देवरीच्या महामार्गावरून पश्चिमेला सरकतो, आणि बर्थखाली सापडणाऱ्या बॅगेला बहुधा मालक नसतो. पोलीस दिसले की डब्यातल्या बहात्तर प्रवाशांपैकी एकालाही ती बॅग कधी दिसलेली नसते. अशी बॅग 'बेवारस' लिहिली जाते. उकाड्यात झोप न आलेला आणि 'कोणाची आहे हो?' असं विचारणारा एखादा मात्र हमखास सापडतो. तो पंच होतो.

मालक नसलेल्या बॅगेपेक्षा भलत्याच मालकाची बॅग जास्त धोक्याची. "मामाजी, एवढी पिशवी गोंदियाले उतरून माझ्या भावाले देऊन द्या ना." आपण भिडेखातर घेतो, आपल्याकडे लोणचं, कुरड्या, मुलीच्या सासरचा आहेर असाच गावोगाव फिरतो. कायदा म्हणतो, ताबा जाणीवपूर्वक हवा: वस्तू माझ्यापाशी आहे आणि ती काय आहे हे मला माहीत हवं. ऐकायला न्याय्य आहे. पण कलम ३५ आणि ५४ वाचा. माल तुमच्यापाशी सापडला की तुम्हाला माहीत होतं असंच कोर्ट धरून चालतं; नव्हतं, हे सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात. 'भाऊ येणार होता' एवढ्यावर भागत नाही. भाऊ कधीच येत नाही.

शेतीचंही तसंच. वावर ठेक्याने दिलं, ठेकेदाराने मधल्या तासांत काय लावलं ते बघायला मालक वर्षभर फिरकला नाही, आणि सातबाऱ्यावर नाव मालकाचं. सातबारा हा काही ताब्याचा शेवटचा पुरावा नव्हे, पण पोलीस आधी तोच काढतात. ठेक्याचा करार कागदावर करा, असं मी पंचायत समितीत बसून पंचवीस वर्षं सांगितलं. लोक हसत. "घरचाच माणूस आहे बाप्पा."

आणि अंगावर काहीच सापडलं नाही तरी माणूस आत जाऊ शकतो, हे शिकायला गरिबाचं उदाहरण नको. शाहरुख खानच्या मुलाला ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रूझवरच्या कारवाईत अटक झाली, जवळ काही सापडलं नव्हतं, मुंबई उच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत २८ तारीख उजाडली. मे २०२२ मध्ये आरोपपत्र आलं तेव्हा पुरेशा पुराव्याअभावी त्यात त्याचं नावच नव्हतं. नामवंत वकिलांची फौज असताना पंचवीसेक दिवस. आपल्याकडची फौज म्हणजे एक मामा आणि एक ओळखीचा नगरसेवक. त्यापेक्षा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, अटकेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. ही ओळ पुस्तिकेतून फाडून पाकिटात ठेवायला हरकत नाही.

झडतीचा विधी

अंगझडतीच्या आधी पोलिसांनी एक वाक्य म्हणायचं असतं. सत्यनारायणाच्या संकल्पाइतकंच ते आवश्यक आहे आणि बऱ्याचदा तितक्याच वेगात उरकलं जातं: "तुमची झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर घेतली जावी, असा तुम्हाला हक्क आहे." कलम ५०. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात आणि पुन्हा २०१० मध्ये बजावलं आहे की हा हक्क सांगायलाच हवा. न सांगता अंगावरून काढलेला माल पुरावा म्हणून उभा राहत नाही.

आमच्या आरोपीने, विशीतल्या पोराने, घाबरून विचारलं, "राजपत्रित म्हणजे झेरॉक्सवर सही करते तो का?" बरोबर तोच. त्याचं उत्तर लेखी घेतलं: 'मला गरज नाही.' अक्षर त्याचं नव्हतं, सही त्याची होती.

लक्षात ठेवा, हा मान फक्त अंगाला आहे. हातातली पिशवी, डोक्यावरचा कट्टा, गाडीची डिक्की यांना कलम ५० लागत नाही, असं न्यायालयांनी सांगितलेलं आहे. खिशातल्या पुडीला राजपत्रित अधिकारी आणि पाठीवरच्या पोत्याला कोणीच नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची, यात मात्र काही पर्याय ठेवलेला नाही.

मोहर, लाख आणि उंदीर

त्या काळी नमुने जागेवरच काढत, गांजाचे चोवीस-चोवीस ग्रॅमचे. डिसेंबर २०२२ च्या नियमांनंतर ते मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात. नमुना पाकिटात, पाकिटावर पंचांच्या सह्यांचं लेबल, वर लाख. लाख वितळवायला मेणबत्ती मिळेना म्हणून हवालदार शेजारच्या देवळातून निरांजन घेऊन आला. गांजा शंकराचाच, हरकत नाही.

नमुना नागपूरच्या प्रयोगशाळेत जातो आणि तिथला कागद आल्याशिवाय गांजा गांजा होत नाही. हसू नका. २०१५ मध्ये सातारा जिल्ह्यात शंभर किलोच्या वर 'एमडी' पकडल्याची बातमी राज्यभर गाजली होती. अहवाल आला तेव्हा ते अजिनोमोटो निघालं. चायनीजच्या गाड्यावरचं.

उरलेला माल मुद्देमाल-खोलीत. धानाच्या गोदामात जशी 'घट' येते तशी इथेही येते. २०२२ मध्ये मथुरेच्या पोलिसांनी कोर्टाला सांगितलं की पाचशे किलोच्या वर गांजा उंदरांनी खाल्ला. आमच्या गोदामपालाला ही बातमी मी वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आमच्या उंदरांनी कधी एवढं कष्ट घेतलं नाही."

पुडीवाला पोरगा

हे प्रकरण छोटं आहे आणि यात विनोद नाही. तुमच्या घरचा किंवा शेजारचा पोरगा पुडीसह सापडला तर त्याच्या आईला दोन गोष्टी सांगा. व्यसनी माणूस अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्याने पुरे केले, तर कलम ६४अ त्याला खटल्यातून मोकळीक देतं. दोषी ठरलाच, तरी कलम ३९ खाली कोर्ट तुरुंगाऐवजी उपचारांना पाठवू शकतं. ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या आयांना हे कोणी सांगत नाही. त्यांना सांगतात तो आकडा वेगळाच असतो, आणि तो ग्रॅममध्ये नसतो.

साक्ष

सहा वर्षांनी समन्स येतो. तोपर्यंत तुम्ही निवृत्त झालेले, दुसरा पंच वारलेला, साहेब बढतीवर गेलेले. सरकारी वकील बाहेरच्या बाकावर पंचनामा वाचून दाखवतात आणि 'आठवतंय ना?' विचारतात. आठवलं नाही आणि उलटं बोललात तर तुम्ही 'फितूर'. आठवलं तर आरोपीच्या वकिलाच्या ताब्यात, जाणीवपूर्वक.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. पोरगा समोर होता, आता सत्ताविशीचा, केस विरळ झालेले. इतकी वर्षं आतच. वकिलांनी कट्ट्याचा रंग विचारला, गठ्ठे किती विचारलं, ऊन होतं का विचारलं. मग चष्मा काढून सावकाश म्हणाले,

"तुम्ही तिरोड्याचे. धान विकता?"

"दरसाल."

"कट्टा मोजल्यावर बारदाना वजा होतो?"

"होतो."

"त्या दिवशी झाला?"

सरकारी वकील उठले, बसले. मी म्हणालो, "नाही साहेब. मापाड्याने विचारलं होतं."

"रिकामा कट्टा, चिकटपट्टी, प्लास्टिक वेगळं मोजलं?"

"नाही."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "घ्या: बारदाना वजा केला नव्हता." यंत्रावर ती ओळ उमटताना मी पोराकडे पाहिलं. त्याला तिचा अर्थ कळलेला दिसला नाही. तो खिडकीबाहेर बघत होता.

निकाल काय लागला ते मला ठाऊक नाही. पंचाला कळवायची पद्धत नाही. बाहेर आलो तर कोर्टाचा शिपाई साक्षीदार-भत्त्याचा कागद घेऊन उभा होता. "भाऊ, इथं एक सही," तो म्हणाला, "साहेब आत आहेत, पाच मिनिटं बसा."